मेंदूतील रोहिणी-नीला विकृती आणि वाहिनीमार्गे उपचार : साधन व निर्णय यांचा इतिहास

वैद्यकातील एखाद्या उपचाराचा इतिहास बहुधा साधनांच्या सुधारणेचा इतिहास म्हणून लिहिला जातो. पहिले साधन ओबडधोबड, दुसरे त्याहून बरे, तिसरे आणखी सूक्ष्म, अशी त्याची मांडणी असते. मेंदूतील रोहिणी-नीला विकृतीवर रक्तवाहिनीच्या आतून करावयाच्या उपचाराला हा साचा वरवर पाहता चपखल लागू पडतो. परंतु सहा दशकांहून अधिक काळाच्या या इतिहासात एक प्रश्न सतत साधनाच्या मागे पडलेला दिसतो. विकृती बंद करता येते, एवढ्यावरून ती बंद केली पाहिजे असे ठरते काय?

निरोगी शरीरात रोहिणीतील रक्त केशवाहिन्यांच्या जाळ्यातून जाते, तेथे त्याचा दाब उतरतो आणि मगच ते नीलांत शिरते. या विकृतीत ते जाळे नसते. त्याच्या जागी वेड्यावाकड्या वाहिन्यांचा गुंता असतो व रोहिणीतील रक्त त्यातून जोराने सरळ नीलांत लोटले जाते. एखादी वाहिनी फुटल्यास मेंदूत रक्तस्राव होतो. काही रुग्णांना अपस्माराचे झटके येतात, तर काहींच्या बाबतीत वर्षानुवर्षे काहीच घडत नाही. रोगाच्या या अनिश्चित स्वभावातच पुढील साऱ्या वादाचे मूळ आहे.

१९२८ साली अमेरिकेत हार्वे कुशिंग व वॉल्टर डँडी यांनी या विकृतींविषयी स्वतंत्रपणे लिहिले. कवटी उघडल्यावर होणाऱ्या अनावर रक्तस्रावाचा अनुभव असल्यामुळे दोघांच्याही लेखनात शस्त्रक्रियेविषयी सावधगिरीचा सूर आहे. त्याच्या आदल्याच वर्षी लिस्बन येथे एगास मोनिझ यांनी मेंदूच्या रोहिण्यांत सोडियम आयोडाइडचे द्रावण सोडून त्यांचे क्ष-किरण चित्र घेण्यात यश मिळविले होते. कवटी न उघडता विकृतीचा आकार व तिला रक्त पुरविणाऱ्या शाखा यांचा वेध घेता येऊ लागला, तो या पद्धतीमुळे.

पाहण्याच्या या मार्गाने उपचारही पोचविण्याचा प्रयत्न १९६० मध्ये वॉशिंग्टन येथील आल्फ्रेड ल्यूसेनहॉप व विल्यम स्पेन्स यांनी प्रसिद्ध केला. मानेतील रोहिणी उघडून त्यांनी तीत मेथिल मेथाक्रिलेटचे लहान गोळे सोडले. विकृतीकडे रक्ताचा ओघ अधिक असल्यामुळे गोळे तिकडेच वाहून जातील, हे त्यामागील तर्कशास्त्र होते. ते साधे व सुंदर होते, पण त्यात एक अंगभूत दोष होता. विकृती जसजशी बुजत जाई, तसतसा तिच्याकडील ओघ कमी होई आणि पुढचा गोळा निरोगी शाखेत जाण्याचा धोका वाढत जाई. म्हणजे उपचाराचे यशच त्याच्या आधाराला सुरुंग लावीत होते.

साहजिकच पुढील प्रयत्नांचा रोख ओघावरचे हे अवलंबन कमी करण्याकडे राहिला. मॉस्को येथील बुर्देन्को संस्थेतील फ्योदोर सर्बिनेन्को यांनी बारीक नळीच्या टोकास फुगा बसवून तो मेंदूच्या रोहिण्यांत नेला व हव्या त्या जागी फुगवून सोडून दिला. मे दिनाच्या सोहळ्यात दोरीला बांधलेले फुगे पाहून त्यांना ही कल्पना सुचली, अशी हकीकत सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात तीनशेहून अधिक रुग्णांचा अनुभव नोंदलेला आहे, आणि तोच या विषयाचा खरा पाया ठरला. मात्र फुगा मोठी वाहिनी बंद करू शके. गुंत्याच्या आत तो शिरत नसे. केवळ पुरवठा करणारी शाखा बंद केल्यास शेजारच्या शाखा तिचे काम पत्करीत आणि विकृती पुन्हा भरू लागे.

गुंताच भरून काढावयाचा, तर द्रव पदार्थ हवा होता. १९७६ मध्ये चार्ल्स कर्बर यांनी मोजका पाझर असलेल्या फुग्याची नळी वर्णिली, आणि तिच्या साह्याने रक्ताशी संपर्क येताच घट्ट होणारा सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद आत सोडणे शक्य झाले. पण क्षणाचा विलंब झाल्यास नळी तेथेच चिकटे, आणि गोंद पुढे वाहून गेल्यास नीला बंद होई. १९९० मध्ये वारो ताकी व त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी न चिकटणाऱ्या, सावकाश घट्ट होणाऱ्या बहुवारिकाचा उपयोग मांडला. त्याच जातीच्या 'ओनिक्स' या द्रव्याला २००५ साली अमेरिकेत मान्यता मिळाली, ती मात्र शस्त्रक्रियेपूर्वीचा साहाय्यक उपचार म्हणून. ही मर्यादा ध्यानात घेण्यासारखी आहे.

दरम्यान रुग्णांचे स्वरूपही पालटले होते. १९७१ मध्ये लंडन येथे संगणकीय क्ष-किरण छेदचित्राचा पहिला रुग्णीय प्रयोग झाला. पुढे चुंबकीय अनुस्पंदनाची चित्रे आली आणि ज्यांना कधी रक्तस्राव झालेला नाही अशा व्यक्तींमधील विकृतीही उघडकीस येऊ लागल्या. फिनलंडमधील शस्त्रक्रिया न झालेल्या १६० रुग्णांच्या १९९० सालच्या अभ्यासात मोठ्या रक्तस्रावाचे प्रमाण वर्षाला सुमारे ४ टक्के आढळले होते. पण ते सर्व लक्षणे असलेले रुग्ण होते. मूक विकृतीला तोच आकडा लावणे कितपत न्याय्य, हा प्रश्न उरतच होता.

त्याचे उत्तर शोधण्यासाठी 'अरुबा' ही आंतरराष्ट्रीय चाचणी योजण्यात आली. न फुटलेली विकृती असलेल्या २२३ रुग्णांची चिठ्ठीपद्धतीने विभागणी झाली. एका गटास केवळ औषधोपचार, तर दुसऱ्यास त्याच्या जोडीला वाहिनीमार्गे उपचार, शस्त्रक्रिया अथवा किरणोपचार देण्यात आला. २०१३ साली चाचणी मुदतीपूर्वी थांबविण्यात आली. सरासरी ३३ महिन्यांच्या काळात मृत्यू अथवा पक्षाघात यांचे प्रमाण पहिल्या गटात १०.१ टक्के, तर दुसऱ्यात ३०.७ टक्के होते.

या निष्कर्षावर घेतलेले आक्षेप बिनबुडाचे नाहीत. निरनिराळ्या उपचारांची एकत्र गणना झाली. शिवाय उपचाराची हानी तत्काळ दिसते, तर त्याचा लाभ आयुष्यभर पसरलेला असतो, आणि तरुण रुग्णाच्या आयुष्यापुढे ३३ महिने फार थोडे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अधिक दीर्घ पाहणीतही निष्कर्षाची दिशा बदलली नाही, पण तीही चार वर्षांच्या आसपासचीच होती. एकदा फुटलेल्या विकृतीविषयी तर ही चाचणी काहीच सांगत नाही.

तात्पर्य, १९६० चा गोळा ते आजचा द्रव ही प्रगती निर्विवाद आहे. तथापि उपचाराची तुलना ज्याच्याशी करावयाची, तो रोगाचा नैसर्गिक क्रम अभ्यासण्याचे काम साधनांच्या मागून, आणि पुष्कळ उशिरा, सुरू झाले. अर्धशतकाहून अधिक काळ 'कसे' या प्रश्नाची उत्तरे साठत गेली, आणि 'कोणाला' व 'केव्हा' हे प्रश्न वैयक्तिक अनुभवावर सोडले गेले. या इतिहासाच्या अभ्यासकाने साधनांच्या वंशावळीबरोबर या विलंबाचीही कारणमीमांसा केली पाहिजे, कारण त्या विलंबाचे मोल रुग्णांनी चुकविलेले आहे.