खाणीतली गाडी, करमणुकीची गाडी

सुटीत पुण्या-मुंबईकडे जाणारी आमच्या सुरतकर मराठी घरांतील नातवंडे हल्ली खोपोलीजवळच्या इमॅजिका उद्यानाचा हट्ट धरतात. २०१३ साली सुरू झालेल्या या उद्यानात 'गोल्ड रश एक्स्प्रेस' नावाची रोलर कोस्टर आहे. तिने सोन्याच्या खाणीतील गाडीचे सोंग घेतले आहे. करमणुकीला खाणीचा वेष का चढावा, हे आम्हांस पाहावेसे वाटले.

वस्तुतः हा वेष उसना नाही. ते तिचे मूळ कूळच आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांतात मॉक चंक येथे १८२७ साली कोळसा कालव्यापर्यंत उतरविण्यासाठी सुमारे चौदा किलोमीटरचा लोहमार्ग घातला गेला. भरलेल्या वाघिणी उतारावरून आपल्याच भाराने खाली येत आणि रिकाम्या वाघिणी खेचरे वर ओढून नेत. खेचरांनाही उतरताना वाघिणीत बसवून आणीत. या सुखाची चटक लागल्यावर ती पायी उतरण्यास राजी होईनात, असे सांगतात. पुढे कोळशाला दुसरा मार्ग मिळाला, आणि हौशी प्रवासी पैसे मोजून त्याच उतारावरून घसरू लागले. १८८४ साली लामार्कस थॉम्पसन याने न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर पाच सेंटांत तशीच गंमत उभी केली. तिचा वेग ताशी जेमतेम दहा किलोमीटर होता; आमच्या सायकलींचाही याहून अधिक असे!

आजच्या धर्तीची 'माइन ट्रेन' मात्र १९६६ ची. टेक्सासमधील एका उद्यानासाठी ती अ‍ॅरो कंपनीने बांधली. याच कंपनीने १९५९ मध्ये डिस्नेलँडसाठी पोलादी नळ्यांचे रूळ वापरले होते. लाकडी मार्गाला न साधणारी वळणे नळीमुळे साधली. या गाड्या फार उंच जात नाहीत; खडक आणि बोगदे अंगाला चाटून गेल्यासारखे वाटतात, म्हणून वेग असतो त्याहून अधिक भासतो. चढावर ऐकू येणारी खटखट म्हणजे गाडी मागे घसरू नये म्हणून बसविलेल्या खटक्याचा आवाज. मॉक चंकच्या चढावरही असाच खटका होता.

सोंगासाठी कॅलिफोर्नियाच घ्यावा लागला, याचे मात्र आम्हांस नवल वाटते. कारण उद्यानापासून जवळच बोरघाट आहे. १८५६ ते १८६३ या काळात तेथे पंचवीस बोगदे खोदून सुमारे साडेपाचशे मीटर चढणारा लोहमार्ग बांधला गेला. १८६१ च्या आरंभी तेथे बेचाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. पटकीने त्यांची किती माणसे नेली! थकलेल्या मजुरीवरून १८५९ मध्ये दंगाही झाला. त्याच वर्षी कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल वारला, तेव्हा त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने काम पुढे चालविले. उतारावर गाडी सुटलीच तर तिला अडविण्यासाठी चढाच्या वेगळ्या शाखा ठेवल्या होत्या. सुटलेल्या गाडीची भीती तेथे तिकीट काढून घेण्याची नव्हती.

त्यापूर्वी आगगाडी खोपोलीस थांबे. पुण्याचा प्रवासी तेथे उतरून पालखीने, तट्टावर किंवा बैलगाडीने खंडाळ्यापर्यंत चढे, आणि तेथून पुन्हा गाडी धरी.