आधी वेब, मग ॲप

घरपोच किराणा देणाऱ्यापासून क्लासवाल्यांपर्यंत सगळ्यांना आज एक प्रश्न पडतो: आपलं स्वतःचं ॲप काढावं की वेबसाइटवर भागवावं? सल्ला देणारे वेग, खर्च, कॅमेरा, नोटिफिकेशन असा हिशेब मांडतात. तो करावाच. पण या प्रश्नाचं कूळ शोधत गेलं, की दारावर कोण बसणार आणि आत येणाऱ्याकडून किती घेणार, ही जुनी भानगड सापडते.

ॲप स्टोअरचे जनक म्हणून ज्यांचं नाव घेतलं जातं, ते ॲपलचे स्टीव्ह जॉब्स सुरुवातीला वेब ॲपचे वकील होते. ११ जून २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत डेव्हलपरांच्या परिषदेत त्यांनी सांगून टाकलं, की आयफोनसाठी काही बनवायचं असेल तर सफारी ब्राउझरमध्ये चालेल असं बनवा. त्याच महिन्याच्या २९ तारखेला फोन विक्रीला आला, तेव्हा बाहेरच्या कुणाचं ॲप त्यावर टाकायची सोयच नव्हती. डेव्हलपर खट्टू झाले, आणि त्यांचं चुकत नव्हतं. त्या फोनला मोबाइल नेटवर्कवर टूजीचाच वेग मिळे. वेब ॲपला कॅमेरा वापरता येत नसे. होम स्क्रीनवर त्याचं चिन्ह ठेवायची सोयसुद्धा जानेवारी २००८ मध्ये आली. तोवर काही उचापतखोरांनी फोनचं कुलूप तोडून आपापले प्रोग्राम त्यात घुसवले होते.

१७ ऑक्टोबर २००७ रोजी जॉब्सनी माघार घेतली आणि बाहेरच्यांना ॲप्स बनवू द्यायचं कबूल केलं. १० जुलै २००८ रोजी सुमारे ५०० ॲप्स घेऊन ॲप स्टोअर उघडलं आणि पहिल्या शनिवार-रविवारपर्यंत एक कोटी डाउनलोड झाले. विकल्या गेलेल्या ॲपच्या किमतीतले ३० टक्के ॲपलचे. प्रत्येक ॲप आधी ॲपलची माणसं तपासणार, मगच ते दुकानात लागणार.

जो हेविट या प्रोग्रामरने दोन्ही घरचं पाणी चाखलं. ऑगस्ट २००७ मध्ये त्याने आयफोनसाठी फेसबुकची वेब आवृत्ती केली, पुढे नेटिव्ह, म्हणजे ब्राउझरशिवाय थेट फोनवर चालणारं ॲपही केलं; आणि नोव्हेंबर २००९ मध्ये ॲपलच्या तपासणीला कंटाळून ते काम सोडून दिलं. २०११ मध्ये लंडनच्या ‘फायनान्शियल टाइम्स’ने उलटी वाट धरली. ॲपमधून वर्गणी घेतली तर पैशात वाटा द्यायचा आणि वर्गणीदाराची माहितीही आपल्या हाती राहायची नाही, हे त्यांना पटेना. त्यांनी वेब ॲप काढलं आणि ॲप स्टोअरमधून बाड-बिस्तरा हलवला. वर्तमानपत्राला हे परवडलं. फेसबुकला वेबचा भार झेपला नाही. त्यांचं ॲप आतून बरंचसं वेबपानांवर चालायचं आणि रखडायचं. ऑगस्ट २०१२ मध्ये आयफोनचं ॲप नव्याने नेटिव्ह लिहून झालं, आणि पुढच्याच महिन्यात संस्थापक झुकरबर्गने वेबवर फार भिस्त ठेवल्याची चूक जाहीरपणे कबूल केली.

आपल्याकडचा अध्याय मला सगळ्यांत रंगतदार वाटतो. २०१५ मध्ये फ्लिपकार्टने मोबाइलवरची वेबसाइट बंद केली. ब्राउझरमधून येणाऱ्याला थेट ॲप डाउनलोड करायला सांगितलं जाऊ लागलं. त्यांच्याच मालकीच्या मिंत्राने १५ मेपासून कॉम्प्युटरवरचं दुकानही मिटलं: ॲप असेल तरच खरेदी. बंगळुरूच्या कचेरीत हे धाडसाचं वाटलं असेल. पण स्वस्त अँड्रॉइड फोनची मेमरी फोटो आणि व्हिडिओंनीच भरलेली असे. सणाला एकदा कुर्ता घेणारं गिऱ्हाईक त्यासाठी वर्षभर ॲप कशाला सांभाळेल? त्यात कित्येकांचं नेट अजून टूजीवर. नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्लिपकार्टनेच क्रोम ब्राउझरच्या चमूबरोबर काम करून ‘फ्लिपकार्ट लाइट’ हे ब्राउझरमध्येच चालणारं वेब ॲप काढलं, आणि १ जून २०१६ रोजी मिंत्राची वेबसाइटही परत उघडली.

‘लाइट’ हे अशा थाटाच्या पहिल्या मोठ्या वेब ॲप्सपैकी एक. २०१५ मध्येच ॲलेक्स रसेल आणि फ्रान्सिस बेरिमन यांनी या प्रकाराला ‘प्रोग्रेसिव्ह वेब ॲप’ असं नाव दिलं होतं. त्याची मेख सर्व्हिस वर्करमध्ये आहे. ब्राउझर हा छोटा प्रोग्राम जपून ठेवतो. पान आणि नेटवर्क यांच्या मध्ये बसून तो आधी आणलेल्या वस्तू साठ्यातून काढून देतो, म्हणून रेंज गेली तरी पान कोरं पडत नाही. २००७ च्या वेब ॲपला नेमकी हीच उणीव होती.

उणीव भरली तरी दारवान जागचा हलला नाही. आयफोनवर क्रोम घेतलं तरी आतलं इंजिन वर्षानुवर्षं सफारीचंच राहिलं, त्यामुळे वेबला काय द्यायचं हे ॲपलच ठरवत आलं. सर्व्हिस वर्कर तिथे २०१८ मध्ये पोहोचला, वेब ॲपची नोटिफिकेशन थेट २०२३ मध्ये. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर युरोपीय संघात होम स्क्रीनवरची वेब ॲप्स बंद करण्याचं ॲपलने जाहीर केलं, आणि ओरड झाल्यावर १ मार्चला ते मागे घेतलं.

तेव्हा खर्चाचा अंदाज मागण्याआधी एवढं पाहा: तुमचं गिऱ्हाईक रोज येतं की सणासुदीला? रोज येत असेल, किंवा ब्लूटूथसारख्या फोनच्या आतल्या गोष्टींशी सतत काम असेल, तर ॲप काढा आणि दारवानाचे नियम मुकाट्याने पाळा. सणासुदीला येणाऱ्यासाठी चांगली वेबसाइट पुरते.