कॉमेट विमानांचे अपघात व त्यांचे अन्वेषण

कॉमेट विमानांचे अपघात : जेट एंजिनांवर चालणाऱ्या जगातील पहिल्या प्रवासी विमानाला, म्हणजे ब्रिटिश बनावटीच्या ‘कॉमेट’ला, १९५३ व १९५४ या वर्षांत झालेले अपघात. त्यांतील दोन विमाने चांगल्या हवामानात, उंचावर असताना अकस्मात फुटून भूमध्य समुद्रात कोसळली. त्यांच्या कारणांचा जो शोध घेण्यात आला, त्यातून विमान अपघातांच्या शास्त्रीय अन्वेषणाची आधुनिक पद्धती आकारास आली. संभाव्य वाटणारे कारण आणि सिद्ध झालेले कारण यांत किती अंतर असू शकते व त्या अंतराची किंमत कोणती, हे या प्रकरणावरून स्पष्ट होते.

पार्श्वभूमी : दे हॅविलंड या कंपनीने तयार केलेल्या कॉमेटचे पहिले उड्डाण २७ जुलै १९४९ रोजी झाले. ब्रिटिश ओव्हरसीज एअरवेज कॉर्पोरेशनने २ मे १९५२ रोजी लंडन ते जोहॅनिसबर्ग या मार्गावर त्याची प्रवासी सेवा सुरू केली. त्याच वर्षी लंडन-कोलंबो मार्गावरील कॉमेट मुंबईसही येऊ लागले. ताशी सु. ८०० किमी. वेगाने व सु. १२,००० मी. उंचीपर्यंत ते उडे. एवढ्या उंचीवर हवा अतिशय विरळ असल्याने प्रवाशांचा कक्ष हवाबंद करून त्यातील दाब कृत्रिम रीत्या वाढवावा लागतो. कॉमेटमध्ये हा दाब सु. २,४०० मी. उंचीवरील हवेइतका राखण्यात येई. त्यामुळे प्रत्येक उड्डाणात विमानाचे धड फुग्यासारखे किंचित फुगे व उतरताना पूर्ववत होई. धडाचा अल्युमिनियम मिश्रधातूचा पत्रा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ होता. एखादी तार वारंवार वाकविल्यास ती अखेरीस अल्प जोरानेही तुटते. त्याचप्रमाणे पुनःपुन्हा ताण पडणाऱ्या धातूत सूक्ष्म तडे जाऊन तो दुर्बल होतो. या क्रियेस धातूचा शिणवटा म्हणतात. शिणवटा अभियंत्यांना अपरिचित नव्हता, परंतु तो मुख्यतः पंखांच्या संदर्भात विचारात घेतला जाई.

कलकत्त्याजवळील अपघात : सेवा सुरू झाल्यास बरोबर एक वर्ष झाले, त्या दिवशी (२ मे १९५३) सिंगापूरहून लंडनला जाणारे एक कॉमेट कलकत्त्याच्या डमडम विमानतळावरून दिल्लीकडे निघाले. सु. सहा मिनिटांनंतर ते वादळात सापडून जगलगोरी या गावाजवळ कोसळले व त्यातील सर्व ४३ जण मृत्युमुखी पडले. भारत सरकारने नेमलेल्या चौकशी न्यायालयाने विमानाची संरचना हवेतच मोडल्याचा निष्कर्ष काढला. वादळी झोतांमुळे किंवा वादळातून जाताना वैमानिकाकडून नियंत्रकांचा अतिरिक्त वापर झाल्यामुळे सांगाड्यावर मर्यादेबाहेर भार आला असावा, असे कारण देण्यात आले. उन्हाळी वादळाचा प्रत्यक्ष पुरावा असल्याने हे स्पष्टीकरण पुरेसे वाटले आणि कॉमेटची सेवा अव्याहत चालू राहिली.

एल्बा व नेपल्स : १० जानेवारी १९५४ रोजी सिंगापूरहून आलेले दुसरे एक कॉमेट रोमहून लंडनकडे निघाले. सु. वीस मिनिटांनी, ते ८,००० मी. हून अधिक उंचीवर असताना, वैमानिकाचा दुसऱ्या विमानाशी चाललेला बिनतारी संवाद वाक्याच्या मध्येच तुटला. विमान एल्बा बेटाजवळ समुद्रात पडले व त्यातील सर्व ३५ जण मरण पावले. कोळ्यांनी होड्या घालून १५ मृतदेह किनाऱ्यावर आणले.

कंपनीने दुसऱ्याच दिवशी स्वतःहून कॉमेटची प्रवासी उड्डाणे थांबविली. अवशेष समुद्राच्या तळाशी होते, त्यामुळे कारणांचा विचार प्रामुख्याने तर्कानेच करावा लागला. विचारार्थ नेमलेल्या समितीने अनेक शक्यता तपासून त्यांपैकी आग लागण्याची शक्यता सर्वांत संभवनीय मानली. या सर्व शक्यतांवर उपाय म्हणून विमानांत पन्नासाच्या आसपास फेरफार करण्यात आले. ज्या कारणाची कल्पना करता येते, त्या प्रत्येकाचा बंदोबस्त झाला, असे समजून २३ मार्च १९५४ रोजी सेवा पुन्हा सुरू झाली. त्यावेळी एल्बाजवळील अवशेष वर काढण्याचे काम अपुरेच होते.

त्यानंतर सोळा दिवसांनी, ८ एप्रिल १९५४ रोजी, रोमहून कैरोकडे निघालेले साउथ आफ्रिकन एअरवेजच्या सेवेतील कॉमेट नेपल्सजवळ समुद्रात कोसळले. त्यात २१ जण ठार झाले. हवा चांगली होती आणि विमान पूर्वीच्याच अपघाताप्रमाणे वर चढत असताना नाहीसे झाले होते. समुद्र तेथे सु. १,००० मी. खोल असल्याने अवशेष काढणे अशक्य होते. १२ एप्रिल रोजी कॉमेटचे उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र काढून घेण्यात आले.

फार्नबरो येथील संशोधन : फार्नबरो येथील रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंट या संस्थेकडे तपासाचे काम सोपविण्यात आले. संचालक आर्नल्ड हॉल यांनी निरनिराळ्या दिशांनी एकाच वेळी तपास सुरू केला. विन्स्टन चर्चिल यांच्या शासनाने त्यासाठी खर्चाचा हात आखडता घेतला नाही. ब्रिटिश नौदलाने पाण्याखालील दूरचित्रवाणी कॅमेरे व यांत्रिक पंजे वापरून एल्बाजवळील अवशेष वर काढले. ऑगस्टपर्यंत विमानाच्या सांगाड्याचा सु. ७० टक्के भाग हाती आला. हे तुकडे एका लाकडी आराखड्यावर आपापल्या जागी बसविण्यात आले.

पीसा येथील वैद्यकशास्त्रज्ञ आंतोन्यो फोर्नारी यांनी मृतदेहांच्या तपासणीत फुप्फुसे फाटल्याचे व कवट्यांना इजा झाल्याचे नमूद केले होते. भाजल्याच्या खुणांवरून मृत्यूचे कारण ठरविता येत नव्हते. कक्षातील दाब एकाएकी नाहीसा झाल्यास अशा इजा होऊ शकतात काय, हे पाहण्यासाठी धडाची पारदर्शक लहान प्रतिकृती बनवून तीत आसने व बाहुल्या ठेवण्यात आल्या व ती दाबाखाली फोडण्यात आली. बाहुल्या आसनांवरून उसळून छतावर आदळल्या. या प्रयोगाने वैद्यकीय पुराव्यास पुष्टी मिळाली.

पाण्याच्या टाकीतील चाचणी : निर्णायक पुरावा मात्र एका अखंड विमानाच्या चाचणीतून मिळाला. सेवेतून काढलेल्या एका कॉमेटचे धड सु. ३४ मी. लांब टाकीत ठेवून टाकी व धड दोन्ही पाण्याने भरण्यात आली. पंख टाकीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर काढून त्यांवर द्रवचालित यंत्रांनी भार देण्यात येई. धडात आणखी पाणी दाबून भरले व पुन्हा सोडून दिले की, धडाच्या दृष्टीने एक उड्डाण पूर्ण होई. पाणी फारसे संकोच पावत नसल्याने धड फाटताच दाब तत्काळ ओसरतो आणि तडा जेथून निघाला ती जागा शाबूत राहते. हवा वापरली असती, तर स्फोट होऊन पुरावाच नष्ट झाला असता.

चाचणी अहोरात्र चालू होती. जून १९५४ च्या अखेरीस, नेहमीपेक्षा एकतृतीयांशाने अधिक दाब दिला जात असताना, धड एका खिडकीसदृश द्वाराच्या कोपऱ्यापासून फाटले. तोवर त्यावर एकूण सु. ३,०६० वेळा दाब पडला होता, त्यांपैकी सु. १,२०० वेळा प्रत्यक्ष सेवेत व उरलेला टाकीत. एल्बाजवळ पडलेल्या विमानाची अशी १,२९०, तर नेपल्सजवळील विमानाची ९०० उड्डाणे झाली होती. मोजमापांवरून खिडक्यांच्या कोपऱ्यांशी पत्र्यातील प्रतिबल त्याच्या अंतिम बलाच्या सु. ७० टक्क्यांपर्यंत जात असल्याचे दिसून आले. रचनाकारांच्या हिशेबापेक्षा ते पुष्कळच अधिक होते.

कंपनीने पूर्वी धडाच्या एका भागाची चाचणी घेतली होती व तो सु. १६,००० वेळा दाब सोसून मगच फाटला होता. हा फरक का पडला, याचा उलगडाही फार्नबरोत झाला. तो चाचणीचा भाग आरंभी बळकटीच्या परीक्षेसाठी नेहमीच्या दुप्पट दाबाखाली ठेवण्यात आला होता. त्यामुळे कोपऱ्यांतील धातू किंचित ताणला जाऊन तेथे शिणवट्यास विरोध करणारी स्थिती निर्माण झाली होती. बळकटीची परीक्षा घेताना नमुनाच सेवेतील विमानांपेक्षा टिकाऊ झाला होता.

टाकीतील विमान फाटले एवढ्याने समुद्रावरील विमानही तसेच फुटले, हे सिद्ध होत नव्हते. ऑगस्टमध्ये एका इटालियन मासेमारी नौकेच्या जाळ्यात छतावरील पत्र्याचा मोठा तुकडा सापडला. दिशादर्शक बिनतारी यंत्राच्या आकाशकांसाठी छतावर ठेवलेल्या दोन खिडक्या त्यात होत्या. त्यांतील एकीच्या कोपऱ्याशी असलेल्या छिद्राजवळ शिणवट्याचा तडा आढळला. विमान प्रवाशांच्या चौकोनी खिडक्यांमुळे फुटले, असा समज पुढे रूढ झाला. एल्बाच्या विमानाची फूट मात्र छतावरील या खिडकीपासून सुरू झाली होती.

चौकशी व परिणाम : लॉर्ड कोहेन यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी न्यायालयाचे काम १९ ऑक्टोबर १९५४ रोजी लंडनमध्ये सुरू झाले व फेब्रुवारी १९५५ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. एल्बाच्या अपघाताचे कारण शिणवट्यामुळे कक्ष फुटणे हे असल्याचे त्यात नमूद झाले. नेपल्सच्या बाबतीत अवशेष नसले, तरी अपघातांतील साम्य पाहता तेच कारण लागू पडते असे मत देण्यात आले. मार्च महिन्यात सेवा पुन्हा सुरू करण्याबद्दल न्यायालयाने कोणावरही ठपका ठेवला नाही. त्यावेळी उपलब्ध असलेल्या माहितीवरून तो निर्णय घेतला गेला होता. परंतु ती माहिती अपुरी होती, हे नेपल्सच्या २१ मृत्यूंनी दाखवून दिले होते.

तपासातील निष्कर्ष उघड करण्यात आल्याने त्यांचा लाभ इतर देशांतील विमान उत्पादकांनाही झाला. अखंड धडाची शिणवटा-चाचणी, अधिक जाड पत्रा, गोलाकार खिडक्या आणि एखादा तडा गेला तरी तो लगेच सर्वत्र पसरू नये अशी रचना, ही तत्त्वे रूढ झाली. सुधारलेले कॉमेट ४ हे विमान ४ ऑक्टोबर १९५८ रोजी अटलांटिकपार सेवेत आले. मात्र त्याच महिन्यात बोईंग ७०७ ची सेवा सुरू होऊन ब्रिटनची आघाडी संपुष्टात आली.

कॉमेटच्या अपघातांत शेवटच्या क्षणांची कसलीही नोंद उरली नव्हती. या चौकशीशी संबंध आलेले ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ डेव्हिड वॉरन यांना त्यातूनच वैमानिकांचे बोलणे व उपकरणांची मापे नोंदून ठेवणाऱ्या यंत्राची कल्पना सुचली. अशा नोंदयंत्रांचे महत्त्व पुढे महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही प्रत्ययास आले. १ जानेवारी १९७८ रोजी मुंबईहून दुबईस निघालेले एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे विमान वांद्र्यासमोरील समुद्रात कोसळून २१३ जण मरण पावले. त्यावेळी समुद्रतळातून काढलेल्या नोंदयंत्रांमुळे विमानाच्या कलाची दिशा दाखविणाऱ्या उपकरणातील बिघाडाकडे व त्यानंतरच्या नियंत्रणातील चुकीकडे अन्वेषकांचे लक्ष वेधले गेले.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १९५१ मध्ये स्वीकारलेल्या नियमांनुसार अपघात-अन्वेषणाचा हेतू पुढील अपघात टाळणे हा आहे. दोष ठरविणे हा नव्हे. कॉमेटच्या बाबतीत कलकत्त्याचे वादळ व एल्बानंतर गृहीत धरलेली आग ही दोन्ही स्पष्टीकरणे असंभाव्य नव्हती. एल्बाच्या अपघातासाठी ज्या कारणाची कल्पना केली गेली, त्याची परीक्षा विमानाच्या अवशेषांवर होण्यापूर्वीच सेवा सुरू झाली. फार्नबरोतील संशोधनाचे महत्त्व त्या परीक्षेत आहे. तेथे वैद्यकीय तपासणी, टाकीतील चाचणी व समुद्रातून काढलेला पत्रा असे एकमेकांवर न विसंबणारे पुरावे एकाच निष्कर्षावर आले, आणि त्यानंतरच कॉमेटला पुन्हा प्रवासी नेण्याची अनुज्ञा मिळाली.