परवाना कोणाचा, चाचा कोण?

मराठवाड्यातील वाङ्मयाच्या अभ्यासकाला समुद्र हा आपला विषय वाटत नाही, तो सह्याद्रीपलीकडचा. तथापि मुकुंदवाडी ज्या शहराचे उपनगर आहे, त्या शहराचा पाया समुद्र ओलांडून आलेल्या एका माणसाने घातला. मलिक अंबर हबसाणात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला आणि अरबस्तान, बगदाद असा फिरत दख्खनेत पोहोचला. निजामशाहीची सूत्रे हाती आल्यावर १६१० च्या सुमारास त्याने खडकी वसविली. तेच पुढे औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर. अंबरच्या कारभाराविषयी आणि नहरींविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. ज्या समुद्रावरून तो आला, त्यावर हक्क कोणाचा होता, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो.

सोफाला, किल्वा, मोंबासा, मालिंदी ही पूर्व आफ्रिकेची बंदरे मोसमी वाऱ्यांच्या आधाराने अरबस्तानाशी आणि हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्याशी शतकानुशतके जोडलेली होती. जकात द्यावयाची ती बंदरात. भर समुद्रातून जाण्यासाठी परवाना मागणारी एकच सत्ता तेथे नव्हती. १४९८ मध्ये वास्को द गामा मालिंदीहून वाटाड्या घेऊन कालिकतला आला आणि हे चित्र पालटले. १५०५ मध्ये पोर्तुगीजांनी किल्वा आणि मोंबासा यांवर हल्ले केले. ‘कार्ताझ’ नावाचा परवाना त्यांनी सुरू केला, तोही याच सुमारास. ज्या जहाजाजवळ कार्ताझ नाही, ते जप्तीस पात्र. हजला जाणाऱ्या मोगल जहाजांनाही तो घ्यावा लागे.

या दाव्यास तात्त्विक आव्हान दिले ते ह्यूगो ग्रोशियस या डच पंडिताने. समुद्र कोणाच्याही मालकीचा असू शकत नाही, असे प्रतिपादणारा त्याचा ‘मारे लिबेरुम’ हा लॅटिन ग्रंथ १६०९ मध्ये, म्हणजे जवळपास खडकीच्या स्थापनेच्याच वेळी, प्रसिद्ध झाला. परंतु त्याचे मूळ ध्यानी घेण्याजोगे आहे. १६०३ मध्ये डचांनी सिंगापूरजवळ एक पोर्तुगीज जहाज पकडले होते. त्या कृत्याच्या समर्थनार्थ ग्रोशियसने जे लेखन केले, त्यातूनच हा ग्रंथ निघाला. मुक्त समुद्राचे तत्त्व एका जप्तीच्या वकिलीतून जन्मले, आणि पुढे मसाल्याच्या बेटांवर मक्तेदारी बसविताना डचांनी ते सोयीस्करपणे बाजूस ठेवले.

कान्होजी आंग्रे यांच्याकडे या पार्श्वभूमीवर पाहावे. कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांनी आपले दस्तक घ्यावे, हा त्यांचा आग्रह होता. पोर्तुगीजांनी दोन शतके हेच केले; मुंबईकर इंग्रजही स्वतःचे परवाने देत. कान्होजी तर छत्रपती शाहूंचे सरखेल होते. तरीही इंग्रजी कागदांत त्यांचा उल्लेख चाचा म्हणून येतो. गंमत अशी की, याच ‘चाच्या’शी कंपनीने १७१३ मध्ये तह केला होता, आणि १७२१ मध्ये पोर्तुगीजांच्या साथीने कुलाब्यावर केलेली स्वारी तिला फळली नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायदेविषयक करारानुसार चाचेगिरी म्हणजे खुल्या समुद्रात खाजगी हेतूने केलेली लूट वा हिंसा. ‘खाजगी’ या एका शब्दावर सारे अवलंबून आहे. ज्याचे राज्य मान्य, त्याची जप्ती कायदेशीर. ज्याचे अमान्य, त्याची ती चाचेगिरी. कान्होजींचे सरखेलपद इंग्रजांनी गृहीत धरले असते, तर तो शब्द त्यांना वापरता आला नसता.

मार्च २०२४ मध्ये भारतीय नौदलाच्या ‘आयएनएस कोलकाता’ने ३५ सोमाली चाच्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या स्वाधीन केले. २०२२ च्या सागरी चाचेगिरीविरोधी कायद्यामुळे अशांवर येथे खटला चालविता येतो. ओलीस धरलेल्या खलाशांचे हाल पाहता या कारवाईविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु १९९१ मध्ये सोमालियाची राजवट कोसळल्यावर त्या किनाऱ्यावर परकीय जहाजांनी बेकायदा मासेमारी केली, हेही त्याच इतिहासाचे पान आहे. त्याने गुन्हा क्षम्य ठरत नाही. राज्य नाहीसे झालेल्या किनाऱ्याचे गाऱ्हाणे कायद्याच्या भाषेत मांडायला कोणी उरत नाही, एवढे मात्र त्यातून कळते.

म्हणूनच हा विषय केवळ विधिज्ञांचा नाही. बखरीतील ‘सरखेल’ आणि कंपनीच्या पत्रातील ‘चाचा’ हे एकाच माणसाचे वर्णन आहे, आणि ही दोन्ही पाने वर्गात शेजारी ठेवून वाचणे हे साहित्याच्या अध्यापकाचेच काम आहे.