वाट पाहण्याची मुदत

यूनिक्समधल्या ‘रीड’ या सिस्टिम कॉलला तीनच गोष्टी सांगाव्या लागतात: कुठून वाचायचे, वाचलेले कुठे ठेवायचे आणि जास्तीत जास्त किती बाइट. किती वेळ थांबायचे, हे सांगायला त्यात जागाच नाही. १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी यूनिक्सची उभारणी सुरू केली, तेव्हा ही उणीव नव्हती. डिस्क त्याच यंत्राला जोडलेली. ती एकतर माहिती देई, नाहीतर चूक कळवी. टेलिटाइपवरचा माणूस काही टंकेपर्यंत थांबणे हे तर प्रोग्रामचे कामच होते, आणि तो अडकलाच तर तोच माणूस कळ दाबून त्याला थांबवी. म्हणजे मर्यादा होती, पण ती माणसाच्या हाती होती. पुढे सर्व्हर रात्रंदिवस एकटे चालू लागले, समोरचा माणूस उठून गेला. त्याचे हे काम मात्र कॉलकडे कुणी सोपवले नाही. त्यानंतरचा टाइमआउटचा इतिहास मुख्यतः बाहेरून लावलेल्या ठिगळांचा आहे.

‘अलार्म’ हे त्यातले एक जुने ठिगळ. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत ते होते. ठरलेले सेकंद उलटले की कर्नल सिग्नल पाठवी आणि अडकलेला रीड सुटे. पण यंत्रावर भार असला आणि रीड सुरू होण्याआधीच सिग्नल येऊन गेला, तर रीड पुन्हा बेमुदत बसून राही. शिवाय अलार्म एका प्रोसेसला एकच, त्यामुळे दोन लायब्रऱ्यांनी तो लावला की गोंधळ ठरलेला. ४.२ बीएसडी या यूनिक्सच्या १९८३ च्या आवृत्तीने तर कमालच केली: सिग्नलने तुटलेला रीड ती आपोआप पुन्हा सुरू करू लागली. इतरांची सोय झाली, टाइमआउटसाठी अलार्मवर विसंबलेल्यांची पंचाईत. त्याच आवृत्तीने मुदत घेणारा ‘सिलेक्ट’ही दिला, पण तो माहिती आली आहे का एवढेच सांगतो, आणि डिस्कवरच्या फाइलीबाबत नेहमीच ‘तयार’ म्हणतो.

ही गरज कुणाच्या लक्षातच आली नव्हती, असे मात्र नाही. सप्टेंबर १९८१ च्या टीसीपी मानकात माहिती पाठवणाऱ्या कॉलला ऐच्छिक टाइमआउट आहे. तो न दिल्यास पाच मिनिटे धरायची. नेटवर्कच्या जोडणीला फाइलीचे रूप दिले गेले तेव्हा ‘राइट’मध्ये ही जागा उरली नाही. नंतर सॉकेटवर मुदत लावायची सोय झाली, तीही एकेका वाचनापुरती. मुदत तीस सेकंदांची असेल आणि समोरचा दर एकोणतीस सेकंदांनी एक बाइट देत असेल, तर घड्याळ दर वेळी शून्यावर येते. २००९ मधल्या स्लोलॉरिस हल्ल्याने अशाच फटीतून अपाची सर्व्हर अडवून दाखवले: विनंतीचे तुकडे सावकाश पाठवत राहायचे, ती पूर्ण कधीच करायची नाही. पुढच्या वर्षी अपाचीने विनंती येण्याच्या एकूण वेळेला मर्यादा घालणारे मॉड्यूल दिले. मुदत एकेका वाचनाला नव्हे, पुऱ्या कामाला हवी, एवढे त्यातून नक्की झाले.

यावरचा वजनदार आक्षेप असा: मंद आणि मेलेला यांतला फरक दुरून कळत नाही. फिशर, लिंच आणि पॅटरसन यांचा १९८५ चा सिद्धांत याच अडचणीवर उभा आहे. तेव्हा प्रत्येक टाइमआउट हा अंदाज, आणि तो धडधाकट कामाचाही बळी घेऊ शकतो. खरे आहे, पण म्हणूनच तो अंदाज कामाचा हेतू जाणणाऱ्याने करायला हवा. खालच्या थराने केला तर काय होते, ते १९८९ च्या इंटरनेट मानकात दिसते: शांत पडलेली जोडणी जिवंत आहे का हे तपासण्याआधीचा मूळ ठरवलेला काळ दोन तासांहून कमी नसावा. कुणाचेच नुकसान नको म्हणून निवडलेला आकडा फारसा कुणाच्या कामाचा नसतो. दुसरा आक्षेप साधेपणाचा: रीडला वेळ जोडली असती तर पाइपांची सुटसुटीत जुळणी बिघडली असती. तो मला अर्धाच पटतो. गो भाषेच्या २०१२ च्या पहिल्या आवृत्तीत रीड साधाच राहिला आणि ‘अमुक क्षणापर्यंत’ अशी मुदत जोडणीवर लावता आली. क्षण ठरलेला, म्हणून बाइट ठिबकवणाऱ्याला ती लांबवता येत नाही. २०१८ च्या १.१० आवृत्तीत ती पाइपांनाही मिळाली. डिस्कवरच्या साध्या फाइलींना बहुतेक प्रणालींवर ती आजही लागू होत नाही.