हार्लेमच्या वाचनालयातल्या भिंती

वाचनालयाच्या भिंती देणगीदारांच्या तसबिरींसाठी असतात, असं आमच्या कार्यकारी मंडळातले एक गृहस्थ दर वार्षिक सभेत ऐकवायचे. मी ग्रंथपाल; पगार त्यांच्या सहीने व्हायचा, त्यामुळे वाद घातला नाही. निवृत्तीनंतर मुलीकडे न्यू जर्सीला गेले तेव्हा तिला टाइम्स स्क्वेअर दाखवायचा होता. मी म्हटलं, तो राहू दे, मला हार्लेममध्ये १३५व्या रस्त्यावरच्या वाचनालयात ने.

तिथली जुनी तीन मजली इमारत १९०५ची, उद्योगपती कार्नेगीच्या पैशातून उभी राहिलेली. तेव्हा आजूबाजूला गोऱ्यांची वस्ती होती, त्यात ज्यू कुटुंबं बरीच. पुढच्या पंधरा वर्षांत अमेरिकेच्या दक्षिणेतून कृष्णवर्णीयांची रीघ लागली आणि वाचनालयाचे वाचक बदलले. १९२० साली अर्नेस्टाइन रोझ ही गोरी ग्रंथपाल तिथे रुजू झाली. वाचक बदलले तर देवघेवीच्या टेबलामागची माणसंही बदलायला हवीत, हे तिने ओळखलं. हे वाचनालय जिची शाखा, त्या न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीची पहिली कृष्णवर्णीय ग्रंथपाल कॅथरिन लॅटिमर त्याच वर्षी नेमली गेली.

आणि १९२१च्या उन्हाळ्यात या वाचनालयात चित्रं लागली. हार्लेममधलं कृष्णवर्णीय कलावंतांचं पहिलं प्रदर्शन हेच मानलं जातं. त्यात हेन्री ओसावा टॅनरचं काम होतं. टॅनर पॅरिसला जाऊन स्थायिक झालेला. त्याचं लाझारसवरचं चित्र फ्रेंच सरकारने १८९७ सालीच विकत घेतलेलं. एवढा मोठा चित्रकार, पण त्याच्याच समाजातल्या धुणंभांडी करणाऱ्या बाईला किंवा हमालाला त्याचं चित्र बघायला मिळणार कुठे? शहराच्या मध्यभागातल्या दालनांत ही माणसं सहज शिरतील अशी परिस्थिती नव्हती. वाचनालयात मात्र ती येतच होती. पुस्तक बदलायला आलेला माणूस जिना चढताना चित्रापाशी थबकतो, हे मी आमच्याकडेही पाहिलंय, भले ते चित्र कॅलेंडरवरचं असो. त्याला ना तिकीट लागतं, ना नीटनेटके कपडे.



पुढची हकिकत मला ग्रंथपाल म्हणून जास्त आवडते. कृष्णवर्णीयांच्या इतिहासावरच्या पुस्तकांना इतकी मागणी होती की पानं सुटू लागली, काही पुस्तकं परतच आली नाहीत, आणि नवी प्रत बाजारात मिळेना. तेव्हा ती घरी देणं थांबवून तिसऱ्या मजल्यावर संदर्भ विभाग काढला. ८ मे १९२५ रोजी तो उघडला. साहित्य आणि इतिहासाच्या जोडीला छापचित्रांनाही त्यात पहिल्यापासून जागा होती. लगेच पुढच्या वर्षी कार्नेगी कॉर्पोरेशनने १०,००० डॉलर देऊन आर्तुरो शोम्बर्गचा संग्रह या विभागासाठी घेतला. शोम्बर्ग मूळचा पोर्तो रिकोचा. तुम्हा लोकांना इतिहासच नाही, असं लहानपणी शिक्षकाने त्याला सांगितलं होतं म्हणतात. न्यूयॉर्कच्या एका बँकेत टपाल विभाग सांभाळता सांभाळता त्याने त्या वाक्याला उत्तर गोळा केलं: ५,००० वर पुस्तकं, ३,००० हस्तलिखितं, २,००० उत्कीर्णचित्रं आणि व्यक्तिचित्रं. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. त्या गुलामांनी स्वतः काय लिहिलं, काय रंगवलं, ते या कपाटांत होतं.

मग मंदी आली. बेकार चित्रकारांना सरकारी योजनेतून मजुरी मिळू लागली, आणि तिच्यातून १९३४ साली ॲरन डग्लसने या वाचनालयासाठी चार मोठे फलक रंगवले. पहिल्या फलकावर आफ्रिकेतला नाच, मग गुलामगिरी आणि मुक्ती, मग दक्षिणेतलं खेड्याचं जिणं, आणि शेवटी शहर: प्रचंड दातेरी चाकावर उभा, सॅक्सोफोन उंचावलेला माणूस. सगळ्या आकृत्या सावलीसारख्या सपाट, त्यांच्यावरून उजेडाची वर्तुळं पसरत गेलेली. शोम्बर्ग तेव्हा तिथेच संग्रहपाल होता.

त्याच सुमारास वाचनालयातल्या चित्रकलेच्या वर्गाला एक मुलगा यायचा, जेकब लॉरेन्स. जन्म १९१७चा, तेराव्या वर्षाच्या आसपास हार्लेममध्ये आलेला. हैतीतल्या गुलामांच्या उठावाचा नेता तुसाँ लुव्हेर्त्यूरबद्दल तो याच संग्रहात वाचत बसला. ती कथा एका चित्रात मावेना, म्हणून त्याने ४१ चित्रं काढली. मग गुलामगिरीतून निसटून तिच्याविरुद्ध लढलेल्या फ्रेडरिक डग्लसवर ३२, हॅरिएट टबमनवर ३१. पुढे दक्षिणेतून उत्तरेकडे झालेल्या स्थलांतरावर त्याने ६० चित्रांची मालिका करायला घेतली, तीही आधी इथे बसून वाचून. चित्राखालच्या ओळी त्याने अगोदर लिहिल्या, त्यात ग्वेन्डोलिन नाइटची मदत झाली. पुढे तिच्याशीच त्याचं लग्न झालं. मग साठही फळ्या मांडून एक रंग सगळ्यांवर लावायचा, नंतर दुसरा, म्हणजे छटा कुठे बदलायला नको. आमच्या चित्रकला शिक्षकांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, हा चित्रकार नव्हे, शाईचा हिशेब ठेवणारा छापखानेवाला. मला ती स्तुतीच वाटली.

१९४१ साली ती मालिका शहराच्या मध्यभागातल्या डाउनटाउन गॅलरीत लागली आणि दोन संग्रहालयांनी ती वाटून घेतली. सम क्रमांकाची ३० न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने, विषम क्रमांकाची ३० वॉशिंग्टनच्या फिलिप्सने. ज्या वाचनालयाच्या टेबलावर त्या साठ ओळींची सामग्री जमली, त्याच्या वाट्याला साठांतलं एकही आलं नाही. याचा राग मला अजून येतो. मुलगी म्हणते, वाचनालयाने तेवढी किंमत कुठून मोजली असती? ते खरंच. ॲरन डग्लसचे चारही फलक मात्र या वाचनालयातूनच वाढलेल्या आजच्या शोम्बर्ग केंद्राकडेच आहेत.