ग्वादालूपे बेटावरील शार्कदर्शन

मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया किनाऱ्यापासून पश्चिमेस सुमारे २५० किमी.वर पॅसिफिक महासागरात असलेल्या या ज्वालामुखीजन्य बेटापाशी दरवर्षी मोठे पांढरे शार्क (कार्कारोडॉन कार्कॅरिअस) परत येतात. कोकणच्या बाजारातली मुशी यांचीच दूरची नातलग. पण येथील प्रौढ मादी पाच मीटरांहून लांब भरू शकते.

जुलै-ऑगस्टपासून शार्क दिसू लागतात आणि हिवाळ्यात पांगतात. येथील सील हे त्यांचे मोठे आकर्षण. नर साधारणतः दरवर्षी येतात. माद्यांची फेरी मात्र दोन वर्षांची, कारण गर्भारपणच सुमारे दीड वर्ष चालते. मधला काळ त्या खुल्या महासागरात काढतात. करडी पाठ आणि पांढरे पोट जिथे मिळतात तिथली नक्षी प्रत्येकाची वेगळी असते. तिच्या छायाचित्रांवरून तोच शार्क परतल्याचे ओळखता येते.

पाणी इतके नितळ की तीस मीटरपर्यंतचे दिसे. त्यामुळे पाणबुडे एन्सेनाडा बंदरातून बोटीने येत, धातूच्या पिंजऱ्यात उभे राहत आणि बोटीवरून नळीने येणारी हवा घेत. शार्कला जवळ आणण्यासाठी ट्यूना माशाचे आमिष दाखवले जाई. खरा घोळ येथेच होता: आमिषामागे झेपावलेला शार्क उलटा पोहू शकत नाही. २०१६ मध्ये एक शार्क थेट पिंजऱ्यात घुसला. २०१९ मध्ये दुसरा गजांत अडकून मेला.

२००५ पासून हे बेट संरक्षित जीवावरण क्षेत्र आहे. जानेवारी २०२३ मध्ये मेक्सिको सरकारने येथील शार्कपर्यटनावर कायमची बंदी घातली.